गोलाआधीचा पास

खेळाडूची कारकीर्द हीदेखील एक संहिता असते, आणि ती वाचण्याच्या आपल्या सवयी बहुतांशी क्रिकेटच्या धावफलकाने लावलेल्या आहेत. धावा, बळी, शतके, सरासरी. आकडा समोर आला की आपले वाचन संपते. या सवयीने पाहू गेल्यास फुटबॉलमधील मध्यरक्षक जवळजवळ अदृश्य राहतो. आघाडीपटूचे गोल मोजता येतात, गोलरक्षकाने अडवलेले फटके मोजता येतात. परंतु नव्वद मिनिटे मधल्या फळीत राहून ज्याने खेळाची गती ठरवली, त्याच्या खात्यावर काय मांडायचे? अलीकडे पासही मोजले जातात, हे खरे. मात्र चेंडू पायाशी क्षणभर थांबवून ठेवल्यामुळे सहकाऱ्याला मिळालेली मोकळी जागा कोणत्या रकान्यात लिहिणार?

हा प्रश्न एदू बेदिया या स्पॅनिश खेळाडूच्या निमित्ताने विचारण्याजोगा आहे. बेदियाचा जन्म १९८९चा, उत्तर स्पेनमधील सांतांदेर या बंदराच्या गावचा. तेथील रेसिंग क्लबात तो घडला आणि स्पेनच्या सर्वोच्च साखळीत खेळला. २०१२मध्ये रेसिंगची खालच्या श्रेणीत घसरण झाली. त्यानंतर एर्क्युलिस, मग बार्सिलोनाचा ‘ब’ संघ, पुढे ओविएदो आणि सारागोसा असा त्याचा प्रवास झाला. बार्सिलोना ‘ब’ हे नाव ऐकताना भारदस्त वाटते; पण मुख्य संघ ज्या श्रेणीत आहे त्या श्रेणीत दुय्यम संघाला खेळता येत नाही, असा स्पेनमधील नियम आहे. म्हणजे त्या मोठ्या घराच्या ओसरीवर तो दोन वर्षे होता, माजघरात त्याला प्रवेश मिळाला नाही. धावफलकाच्या भाषेत ही उताराची कहाणी ठरते.

२०१७मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो एफसी गोवा या संघात आला. बार्सिलोनाच्याच व्यवस्थेतून आलेला सर्जियो लोबेरा तेव्हा गोव्याचा प्रशिक्षक होता. उतरत्या काळात एखाद्या हंगामापुरते भारतात येऊन जाणारे परदेशी खेळाडू आपण पुष्कळ पाहिले. बेदिया मात्र सहा हंगाम राहिला. पहिल्या दोन हंगामांत सगळा प्रकाश फेरान कोरोमिनास ऊर्फ कोरोवर होता. अनुक्रमे अठरा आणि सोळा गोल करून तो दोन्ही वेळा सर्वाधिक गोल करणारा ठरला. २०१९मध्ये गोव्याने सुपर कप जिंकला, २०१९-२०च्या साखळीत अग्रस्थान मिळवले. पुढे प्रशिक्षक बदलला, अहमद जाहू आणि ह्युगो बुमूस हे मधल्या फळीतील सोबती मुंबईला गेले, आणि २०२०-२१च्या हंगामात कर्णधारपद बेदियाकडे आले.

त्याच्या कारकिर्दीतले दोन क्षण सहसा सांगितले जातात, आणि गंमत अशी की दोन्ही गोलांचे आहेत. पहिला एप्रिल २०२१चा. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत मडगावच्या फातोर्डा मैदानावर इराणच्या पर्सेपोलिस संघाविरुद्ध त्याने हेडरने गोल केला. त्या पातळीवर भारतीय क्लबाने केलेला तो पहिला गोल. सामना गोव्याने १-२ असा गमावला. दुसरा ३ ऑक्टोबर २०२१चा. कोलकात्यात ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात मोहमेडन स्पोर्टिंगविरुद्ध जादा वेळेत त्याच्या फ्री किकवर गोल झाला, आणि १८८८पासून चालत आलेला तो चषक प्रथमच एफसी गोवाकडे आला.

परंतु पर्सेपोलिसविरुद्धचा तो चेंडू कोणाच्या पायातून आला होता? ब्रँडन फर्नांडिस या गोव्याच्याच मध्यरक्षकाच्या. ब्रँडनही २०१७पासून याच संघात होता. एकाने दुसऱ्याला घडवले, असे म्हणण्याइतका पुरावा कोणाच्याच हाती नसतो आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. इतकेच पाहावे की चार हंगाम शेजारी खेळल्यानंतर ऐतिहासिक क्षणी पास स्थानिक मुलाचा होता आणि तो परदेशी माणसाने स्वीकारला. मला बेदियाच्या कारकिर्दीचा अर्थ या देवघेवीत दिसतो. त्याचे मोल त्याच्या नावापुढील गोलांत शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. त्याच्या आजूबाजूला काय शक्य झाले, हे पाहिले की लागते.

आणि ते शक्य झाले, कारण गोव्यात जमीन तयार होती. साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स या क्लबांनी कित्येक दशके खेळाडू, प्रेक्षक आणि पंच तयार केले होते. मध्यरक्षक कितीही कुशल असला तरी पास घेणारा कोणी नसेल तर त्याचे कौशल्य वाया जाते.

येथे मला वऱ्हाडाकडे वळावेसे वाटते. ‘आमच्याकडे कोण झाले?’ ही अमरावती-अकोल्यातील जुनी खंत आहे. फुटबॉलपुरते बोलायचे तर तिला उत्तर नाही. क्रिकेटमध्ये आता नावे सांगता येतात. अकोल्याचा आदित्य ठाकरे विदर्भाने जिंकलेल्या २०१७-१८च्या रणजी अंतिम सामन्यात प्रथमच खेळला. अमरावतीचा जितेश शर्मा २०२३मध्ये भारताच्या संघात आला आणि २०२५मध्ये आयपीएल जिंकणाऱ्या बंगळूरूच्या संघात होता. त्यांचा अभिमान वाटावा, यात वाद नाही. पण खंत असो वा अभिमान, दोन्हींचे व्याकरण एकच: गोल कोणी केला?

या व्याकरणात अमरावतीचे सर्वांत मोठे क्रीडाकार्य बसत नाही. १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. त्याच बर्लिनमध्ये ध्यानचंद यांच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले, ते देशाला पाठ आहे. प्रात्यक्षिकांची नोंद पदकतालिकेत होत नसते. मंडळाचे खरे काम त्याहूनही कमी दिसणारे होते. शारीरिक शिक्षणाचे वर्ग, पुढे महाविद्यालय, आणि तेथून निघून ठिकठिकाणच्या शाळांत गेलेले व्यायामशिक्षक. मुलाला पहिल्यांदा मैदानावर उभे करणारा तो माणूस पुढे कोणाच्याही चरित्रात फार तर एका वाक्यापुरता येतो. कापूस शेतात दिसतो, कापड दुकानात दिसते. मधे सरकी वेगळी करणारे जिन कोणी पाहायला जात नाही. अकोल्याच्या माणसाला हे अधिक समजावून सांगायला नको.

यावर कोणी म्हणेल की, हे पराभूतांचे तत्त्वज्ञान झाले. गोल झाल्याशिवाय सामना जिंकता येत नाही. आक्षेप रास्त आहे. कोरोचे गोल नसते तर गोव्याच्या मधल्या फळीचे कौतुक कोणी केले असते? ‘आम्ही पास देणारे’ असे म्हणून वऱ्हाडाने स्वतःची समजूत घालणे मलाही मान्य नाही. उलट मधल्या फळीला महत्त्व दिले की तिचा जाबही विचारता येतो, आणि तो विचारण्याची वेळ आली आहे.

सप्टेंबर २०१७मध्ये, सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात होणार म्हणून, महाराष्ट्र शासनाने एका दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला. चेंडू वाटले गेले, छायाचित्रे निघाली. हा आघाडीपटूचा विचार: एक दिवस, एक आकडा. दुसऱ्या दिवशी त्या चेंडूचे काय झाले, हा मध्यरक्षकाचा प्रश्न. आता २००९च्या शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची काढून पाहावी. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तरच कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी निदेशक, आणि तोही अंशकालीन. ज्या गावातील या तीन वर्गांचा पट शंभरापर्यंत पोहोचत नाही, तेथील मुलांना शिकवायला तेवढाही माणूस देणे कायद्याने बंधनकारक नाही. मेळघाटातील एखाद्या गावची किंवा बार्शीटाकळीकडच्या एखाद्या वस्तीवरची शाळा डोळ्यांसमोर आणली की या अटीचा अर्थ उलगडतो. ज्या भूमीने व्यायामशिक्षक हा व्यवसाय म्हणून उभा करायला शंभर वर्षांपूर्वी हातभार लावला, त्याच भूमीत तो पटसंख्येवर अवलंबून असलेला अर्धवेळ उपचार झाला आहे. आणि याविषयी खंत नाही. खंत आहे ती ‘आमचा कोणी गाजला नाही’ याची.

साहित्याच्या क्षेत्रात आपण हे एव्हाना शिकलो आहोत. नियतकालिकाचा संपादक, अनुवादक, ग्रंथपाल यांच्यावाचून कोणताही कालखंड समजत नाही, हे मराठी समीक्षेने मान्य केले आहे. खेळाच्या बाबतीत मात्र आपले वाचन अजून नायकप्रधान कादंबरीच्या पुढे सरकलेले नाही. बेदियासारख्याची कारकीर्द नीट वाचली तर हा दोष निदान लक्षात तरी येतो. सांतांदेरहून निघालेल्या, मोठ्या संघाच्या दारापर्यंत जाऊन परतलेल्या या माणसाने मडगावात सहा हंगाम चेंडू पुढे पोहोचवण्याचे काम केले, आणि ते कामी आले, कारण पुढे घेणारे उभे होते. अमरावती-अकोल्यात उद्या एखादा मुलगा चांगला मध्यरक्षक होईलही. त्याच्या आधी त्याच्या शाळेत आठवड्यातून दोन तास मैदानावर येणारा, पूर्ण पगाराचा, एक शिक्षक लागेल. मागणी इतकी साधी आहे की तिच्यावर मोर्चा निघत नाही. पण वऱ्हाडच्या क्रीडाप्रेमींनी पुढील निवडणुकीत उमेदवाराला विचारण्याजोगा प्रश्न मला तरी हाच दिसतो.