गाठ न दिसणारा हर्निया

हर्निया म्हटले की जांघेतली किंवा बेंबीजवळची गाठ, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण पोटातल्या पोटातही हर्निया होतो आणि तो बाहेरून दिसत नाही. आपले लहान आतडे जवळजवळ २० फूट लांब. एका पातळ पडद्याने ते पाठीकडे जोडलेले असते. तिथे कधी जन्मतःच एखादा कप्पा राहतो, कधी पूर्वीच्या ऑपरेशननंतर फट उरते. आतड्याचे वेटोळे तीत शिरले की अडकते.

आमच्या शेजारच्या एका तरुण गवंड्याला तीन-चार वर्षे जेवणानंतर अधूनमधून कळा येत. तासाभरात थांबत. कोणी पित्त म्हणे, कोणी बेंबी सरकली म्हणून पोट चोळून देई. आतडे आपोआप निसटून जागेवर येई, त्यामुळे तपासणीत काही सापडत नसे. एका रात्री ते निसटले नाही. हिरव्या उलट्या, पोट फुगलेले, वारा सरेना. घरच्यांनी एरंडेल पाजले. आम्ही तिथेच होतो आणि गप्प बसलो, हे कबूल केले पाहिजे. वाट बंद असताना जुलाबाचे औषध घातकच. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत ते काळे पडते.

दवाखान्यात सलाईन लावले, नाकातून नळी घालून पोटातले पाणी काढले. एक्स-रेत अडथळा दिसला. कारण मात्र सीटी स्कॅनमध्ये कळले. डाव्या बाजूला वेटोळी पिशवीत भरल्यासारखी गोळा झाली होती. सर्जननी ती हलक्या हाताने सोडवली, कोमट सलाईनच्या कपड्यात गुंडाळून थोडा वेळ वाट पाहिली. जे गुलाबी झाले ते राखले. हातभर तुकडा काळाच राहिला, तो कापून टोके जोडली. मग फट टाके घालून बुजवली, नाहीतर पुन्हा तेच.

स्कॅनमध्ये काही वेळा हा हर्निया दिसतही नाही. तरीही दुखणे पाहून डॉक्टर पोट उघडायचे म्हणाले, तर गावाहून मामा येईपर्यंत सही अडवून धरू नका. त्या गवंड्याचे दोन तास यातच गेले. आणि पूर्वी पोटाचे कुठलेही ऑपरेशन झाले असेल, तर त्याचे कागद रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा.