नजरेचा परवाना

माझा एक भाचा पुण्यात वीस वर्षे मोटार चालवीत होता, आणि लक्ष्मी रस्त्यावरील दिवाळीच्या गर्दीतून कुणाच्या अंगाला धक्का लागू न देता गाडी बाहेर काढण्याविषयी आमच्या आप्तवर्गात त्याची अशी काही ख्याती होती की, तो इंग्लंडात नोकरीस गेल्यावर, भारतीय परवान्यावर तेथे गाडी चालविण्याची बारा महिन्यांची मुदत संपत आली असता, तेथील परीक्षेत नापास झाला, ही वार्ता आम्हांस प्रथम थट्टाच वाटली. फोनवर तो कळवळून म्हणाला, "मामा, मला सगळं दिसत होतं; पण त्यात धोका कसला, तेच कळेना!"

ही परीक्षा मोठी मासलेवाईक आहे. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर 2002 पासून परवान्याच्या उमेदवारास रस्त्यावरील दृश्यांच्या चित्रफिती दाखवितात. अशा 14 चित्रफितींत मिळून 15 प्रसंग असे येतात की जेथे चालकाला वेग किंवा दिशा बदलणे भाग पडावे. आणि असा प्रसंग आकार घेऊ लागताच उमेदवाराने बटण दाबावयाचे असते. जितके लवकर दाबावे तितके गुण अधिक, एका प्रसंगास जास्तीत जास्त 5. आणि 75 पैकी 44 मिळाले म्हणजे मोटारीचा उमेदवार उत्तीर्ण. उगाच ठेका धरून बटण बडविणाऱ्याच्या पदरी त्या चित्रफितीपुरता भोपळा पडतो. परीक्षकांना मनुष्यस्वभाव चांगला ठाऊक असावा. भाच्याने फुटपाथच्या कडेशी घुटमळणारे पोर पाहिले होते, उभ्या मोटारीत बसलेला माणूसही पाहिला होता. परंतु पोर रस्त्यात उतरण्यापूर्वी आणि मोटारीचे दार उघडण्यापूर्वीच त्यांना धोका म्हणावयाचे, हे त्याच्या वीस वर्षांच्या शिरस्त्यात बसत नव्हते.

डोळ्याची घटनाच अशी आहे की, स्पष्ट दिसते ते केवळ दृष्टीच्या मध्यावरील सुमारे दोन अंशांच्या, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढ्या टापूत. बाकीचा परिसर अंधुक असतो, आणि नजर सेकंदाला तीन-चार उड्या घेऊन ती उणीव भरून काढते. ताशी 80 किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्या एका सेकंदात 22 मीटर पुढे गेलेली असते. सगळेच पाहणे अशक्य, म्हणून काय पाहावयाचे याची निवड अटळ. आणि ती निवड बव्हंशी सवय करते. विन्स्टन चर्चिल यांना याचा प्रत्यय स्वतःच्या देहावर आला. 13 डिसेंबर 1931 च्या रात्री न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर रस्ता ओलांडताना त्यांची नजर इंग्लंडातील सवयीने भलत्याच बाजूला गेली आणि दुसऱ्या बाजूने आलेल्या मोटारीने त्यांना उडविले. (हा गृहस्थ त्यातूनही वाचला आणि त्या अपघातावर लेख लिहून मोकळा झाला, हा भाग निराळा.) तरीही बाजूची सवय मोडता येते, स्वीडनने 3 सप्टेंबर 1967 रोजी पहाटे सबंध राष्ट्राची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. धोका कशाला म्हणावे, ही सवय मात्र अशा एका हुकमाने पालटत नाही.

2013 मध्ये लिम, शेपर्ड आणि क्रंडल या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो. ब्रिटन आणि मलेशिया या दोन्ही देशांत वाहतूक डाव्या बाजूनेच चालते. तेथील चालकांना दोन्ही देशांतील रस्त्यांच्या चित्रफिती दाखवून त्यांच्या नजरेची हालचाल यंत्राने टिपली गेली. मलेशियातील चालकांनी धोका म्हणून नोंदविलेले प्रसंग कमी भरले. पौर्वात्य मन परिसर न्याहाळते आणि पाश्चात्त्य मन वस्तूवर खिळते, असा जो सिद्धांत मानसशास्त्रज्ञ निस्बेट आदींच्या प्रयोगांमुळे प्रसिद्धी पावला, तो येथे चिकटविण्याचा मोह कुणालाही होईल. पण यंत्राची साक्ष वेगळी होती: धोक्याच्या जागी दोघांचेही डोळे सारख्याच वेळात पोहोचत होते. फरक पडला तो पुढच्या निवाड्यात. जे एकाने धोका मानले, ते दुसऱ्याने नित्याचे म्हणून सोडून दिले.

हे वाचताना भाच्याचे शब्द आठवले, आणि आपले रस्तेही. थांबलेल्या एस.टी.च्या पुढून अचानक बाहेर पडणारी माणसे, उलट दिशेने निर्धास्त येणारी दुचाकी, घाटाच्या वळणावर मेंढरांचा कळप, हे ज्याला रोजचे, त्याने प्रत्येक ठिकाणी ब्रेक लावावयाचा म्हटले तर मागच्या वाहनाचा धक्का ठरलेलाच. तेव्हा मनाचा उंबरठा उंचावतो. तो मूर्खपणा नव्हे. गर्दीत जगण्याची ती एक तडजोड आहे. आपले लोक तिलाच कौशल्य म्हणतात आणि अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक दाबणाऱ्या पायाचे गोडवे गातात. त्या पायाला एखादे वेळी उशीर होतोच. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्यू पावली.

आणि परवाना देताना आपण काय तपासतो? शिकाऊ परवान्याच्या चाचणीसाठी केंद्रीय नियमांनी वाहतुकीच्या खुणा व नियम, अपघातप्रसंगीची कर्तव्ये, पहारेकरी नसलेल्या रेल्वे फाटकावरील दक्षता आणि जवळ बाळगावयाची कागदपत्रे, एवढे विषय नेमून दिले आहेत. शेकडा 60 उत्तरे बरोबर आली की काम झाले. घुटमळणाऱ्या पोराला धोका म्हणावे की नाही, याविषयी कोणी अवाक्षर विचारीत नाही. "नजर हटी, दुर्घटना घटी" असल्या पाट्यांचाही येथे उपयोग नाही, कारण नजर हटलेली नसतेच.

आपल्या चाचणीतही अशा चित्रफिती असाव्यात, अशी माझी सूचना आहे. मात्र ब्रिटनच्या चित्रफिती आयात करण्याची तजवीज कोणी करू नये, कारण तेथील ओल्या, सुनसान गल्ल्यांतले धोके ओळखून आपल्या उमेदवाराला सोलापूर रस्ता उमगणार नाही. परिवहन खात्याने त्या आपल्याच जिल्ह्यांत चित्रित कराव्यात, प्रसंग ऐन वेळी थांबवून "आता पुढे काय होईल?" एवढेच उमेदवारास विचारावे, आणि पहिले चित्रीकरण सांगली-कोल्हापूरकडे, उसाच्या हंगामात, रात्रीच्या वेळी करावे: दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे चालला आहे, आणि मागच्या ट्रॉलीला दिवा नाही.