अगदी गळ्याशी आलं!

टाय ही वस्तूच वाईट, असं माझं म्हणणं नाही. लंडनच्या गारठ्यात तो शोभत असेल, मुंबईच्या एअरकंडिशन्ड कचेरीत एकवेळ खपून जाईल. माझं म्हणणं एवढंच, की मुंबईहून निघालेल्या टायनं नांदगावलाच गाडीतून उतरावं आणि परतीचं तिकीट काढावं. पुढे चाळीसगाव आलं की खानदेश सुरू होतो, आणि खानदेशात गळ्यातल्या फडक्याला काम करावं लागतं.

मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकलेला असतो, तेव्हा जळगावच्या बाजारात उभे राहून पाहा. रावेर-यावलकडचा केळीवाला शेतकरी गळ्यात रुमाल टाकून येतो. त्या रुमालानं तो घाम पुसतो, कानावरून गुंडाळून उन्हाच्या झळा अडवतो, एसटीच्या खिडकीतून आत टाकून जागा धरतो आणि दुपारी त्यातलीच भाकरी सोडून जेवायला बसतो. टायनं यातलं एक तरी काम करून दाखवावं! जागा धरायला तो सीटवर टाकला तर कंडक्टर ओरडेल, "कोणाची नाडी पडली हो?"

गंमत म्हणजे मुळात टायही कामकरीच होता. सतराव्या शतकात फ्रान्सच्या पदरी असलेले क्रोएशियाचे भाडोत्री शिपाई गळ्याला रुमाल बांधत. पॅरिसच्या शौकिनांना तो आवडला, 'क्रोआट'चं 'क्राव्हात' झालं आणि शिपायाचा रुमाल दरबारात गेला. दरबारात गेल्यावर माणसांचं जे होतं तेच त्याचंही झालं. काम सुटलं आणि लांबी वाढली. पुढे १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फनं कापड उरेबात कापून तीन तुकड्यांत टाय शिवला, तेव्हापासून तो पीळ न पडता सरळ लोंबू लागला. त्या शिवणीला माझा सलाम. लोंबण्याला नाही.

नक्ष्यांची तऱ्हा आणखी न्यारी. तिरपे पट्टे हे इंग्रजांच्या पलटणींचे नि क्लबांचे. कोणते रंग कुणाचे हे ठरलेलं, आणि पट्टा डाव्या खांद्याकडून उजवीकडे उतरायचा. अमेरिकेतल्या ब्रुक्स ब्रदर्सनं तो उलटा फिरवून विकला. आमच्या धुळ्याच्या आग्रा रोडवर दोन्हीकडे उतरणारे पट्टे एकाच खोक्यात मिळतात. कुठल्या पलटणीचे, असं विचारलं तर दुकानदार म्हणतो, "रेडिमेड आहे साहेब." आणि 'पेस्ली' म्हणून जो भारीतला टाय काढून दाखवतात, ती तर आपली कोयरी! काश्मिरी शालींची नक्कल करणाऱ्या स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावच्या विणकरांमुळे तिला त्या गावाचं नाव चिकटलं. आजीच्या शालीवर जी फुकट दिसते, तीच आपण गळ्यात अडकवून घ्यायला पैसे मोजतो. गाठींचं तर विचारूच नका. 'विंडसर' गाठ ज्यांच्या नावाची, ते ड्यूकमहाशय स्वतः जाड अस्तराचा टाय शिवून घेऊन साधीच गाठ मारत.

असो. मोठ्या माणसांनी हौसेनं फास लावून घेतला तर आपण काय करणार? औषध कंपनीचा प्रतिनिधी भर दुपारी टाय लावून फटफटीवरून डॉक्टरकडे जातो. डॉक्टर पंख्याखाली हाफशर्टात बसलेला, त्यामुळे दोघांत आजारी कोण ते कळत नाही. पण त्याला पगार मिळतो. सुटाबुटातल्या नवरदेवाला बायको मिळते. माझा राग आहे तो शाळेतल्या टायवर, कारण तिथं पोराला काहीच मिळत नाही.

चार वर्षांच्या पोराच्या गळ्यात इलॅस्टिकचा टाय. गाठ कारखान्यातूनच मारून येते, म्हणजे टाय बांधण्याची जी एकुलती एक विद्या, तीही त्याला मिळायची नाही. जिल्हा कापसाचा, टाय पॉलिएस्टरचा. शर्टाचं वरचं बटण लागलेलंच हवं. मार्च-एप्रिलच्या उन्हात रिक्षातून कोंबून घरी येणाऱ्या या पोरांच्या माना एकदा बघा. टायच्या आत घामोळ्यांची दुसरी माळ असते. आमच्या शेजारच्या नातवानं एकदा टाय काढून दप्तरात ठेवला, तर त्याला वर्गाबाहेर उन्हात उभं केलं. त्याचे आजोबा साक्रीकडचे. ते शाळेत जाऊन एवढंच म्हणाले, "मॅडम, दुपारले बैलले बी सोडतस."

मॅडम म्हणाल्या, "शिस्त आहे!"

कसली शिस्त? साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिकवत होते, त्यांच्या वर्गातली शिस्त काही टायनं आली नव्हती. बार कौन्सिलच्या नियमांत उन्हाळ्यात जिल्हा न्यायालयापर्यंतच्या वकिलांना काळ्या कोटाची सक्ती नाही. शिस्तीच्याच गोष्टी करायच्या तर जपान घ्या. तिथल्या सरकारनं २००५ पासून उन्हाळ्यात कचेऱ्यांमधले कोट-टाय उतरवले. बांगलादेशानं २००९ साली वीज वाचवायला सरकारी नोकरांना तेच सांगितलं, आणि २०२२ मध्ये स्पेनचे पंतप्रधान स्वतः टाय न लावता पत्रकारांपुढे आले. ज्यांच्या युरोपातून हा फास निघाला, ते तो सोडताहेत, आणि आम्ही बालवाडीत आवळतो आहोत!

तेव्हा शाळांना माझी सूचना अशी, की फेब्रुवारी सरला की टाय कपाटात टाका. स्नेहसंमेलन डिसेंबरात असतं, तेव्हा फोटोपुरता काढा हवा तर. आणि पोरांच्या गळ्यात काहीतरी हवंच असेल, तर चांगला मोठा सुती रुमाल द्या. घाम पुसता येईल, ऊन अडवता येईल, आणि रिक्षात जागाही धरता येईल.