नेटवर्क हॉस्पिटलच्या यादीत काय नसतं

दर एप्रिलला आमच्या कंपनीत ग्रुप मेडिक्लेमचा मेल येतो. सोबत नेटवर्क हॉस्पिटलांची भलीमोठी यादी. नाव, पत्ता, फोन. संपलं. गुडघ्याची ऑपरेशनं कुठे वर्षाला पाचशे होतात नि कुठे पाच, इन्फेक्शन किती जणांना होतं, यातलं काही नाही. मग आपण घराजवळचं गाठतो, नाहीतर चकचकीत लॉबीवालं.

गेल्या वर्षी आईचा गुडघा बदलला. दोन ठिकाणची एस्टिमेटं घेतली, फरक जवळजवळ दुपटीचा! गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर 2017 पासून सरकारी मर्यादा आहे. मग फरक कशाचा? रूमचा, ओटीचा आणि 'इतर'चा. यातलं चांगलं कुठलं, हे एचआरलाही सांगता येईना.

अमेरिकेत वॉलमार्टने 2013 पासून हार्ट आणि मणक्याच्या ऑपरेशनसाठी क्लीव्हलँड क्लिनिकसारखी मोजकी हॉस्पिटलं निवडली. तिथे गेलात तर उपचारांचा आणि प्रवासाचा खर्च कंपनीचा. मणक्याच्या बऱ्याच पेशंटना तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशनची गरजच नाही म्हणून सांगितलं. माझ्या मते खरी बचत ती.

आपल्याकडे हे व्हावं, पण नुसतं 'स्वस्त' बघून माणसं कुठेही ढकलू नका राव. कोण किती दिवसांनी घरी गेलं, महिन्याभरात कोण पुन्हा ॲडमिट झालं, हे क्लेमच्या कागदांत टीपीएकडे असतंच. ते मागवा, त्यातून चार हॉस्पिटलं निवडा आणि तिथे आई-वडिलांचा को-पे माफ करा. रिन्यूअलच्या आधी आमच्या कमिटीत मी हे लेखी देतोय. तुम्हीही तुमच्याकडे द्या.