मीटर गेला कुठे?

सोनं चोरीला जातं, सायकल जाते, वाळत घातलेली साडीसुद्धा जाते. पण भिंतीवरचा विजेचा मीटर कोणी उचलून नेईल, हे २० जानेवारी २०२४ च्या संध्याकाळपर्यंत मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. त्या शनिवारी आम्ही बर्मिंगहॅमला मावसबहिणीकडे गेलो होतो. लेस्टरला घरी परतलो तेव्हा सहा वाजून गेले होते, बाहेर मिट्ट काळोख नि कडाक्याची थंडी. बटण दाबलं तर दिवा लागेना. इथे लाइट क्वचित जाते, म्हणून आधी मुलांना गंमतच वाटली. मग रस्त्यावर पाहिलं, तर साऱ्या आळीत दिवे!

इंग्लंडमधल्या बऱ्याच घरांचा मीटर बाहेरच्या भिंतीत, एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पेटीत असतो. तिला तिकोनी किल्ली लागते, आणि ती किल्ली कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. म्हणजे कुलूप असून नसल्यासारखंच. आमच्या पेटीचं दार उघडं होतं. आत दोन जाड तारा लोंबत होत्या आणि मीटरच्या जागी नुसती लाकडी फळी. त्याखालचा कंपनीचा मोठा फ्यूजही ओढून काढलेला. हे फोनचा टॉर्च लावून वाकले आणि "बघू तरी" म्हणत त्यांनी हात पुढे केला, तेवढ्यात शेजारच्या गुजराती मासी कुंपणापलीकडून ओरडल्या, "भाई, हाथ ना लगाडता!"

मासींचे उपकार किती मानू? नंतर आलेल्या माणसाने सांगितलं, की फ्यूज काढला तरी त्याच्या आधीची पट्टी जिवंतच असते. रस्त्याखालच्या तारेतून २३० व्होल्ट थेट तिथपर्यंत येतात आणि घरातला मेन स्विच बंद केला तरी तिथला प्रवाह काही थांबत नाही. तेव्हा मैत्रिणींनो, फुटलेला असो, जळका वास येणारा असो की गायब झालेला असो, मीटरच्या पेटीला हात लावायचा नाही, मुलांना जवळ जाऊ द्यायचं नाही. लांबूनच फोटो काढावा. तो पुढे फार उपयोगी पडतो.

आता फोन कोणाला करायचा, इथेच माझा पहिला घोटाळा झाला. आपल्याकडे वीज म्हटलं की एक ऑफिस डोळ्यांसमोर येतं. इथे तारा एका कंपनीच्या, आणि वीज विकून बिल पाठवणारी कंपनी वेगळी. घरापर्यंतची तार आणि तो मोठा फ्यूज तारांच्या कंपनीचा. मीटरची जबाबदारी बिलवाल्या कंपनीची. तारांच्या कंपनीसाठी १०५ हा फुकटचा नंबर २०१६ पासून आहे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स, तिन्हीकडे तो चालतो. १०५ चा माणूस दीड तासात आला. त्याने उघडा भाग बंद करून सील लावलं आणि "मीटर बसवणं माझं काम नाही" म्हणून सांगितलं. मग बिलवाल्या कंपनीचा तातडीचा नंबर. तिथे चाळीस मिनिटं तेच ते संगीत ऐकलं. अखेर दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस पाठवतो म्हणाले.

घरात शेगडी गॅसची, म्हणून काडी लावून चहा तरी झाला. पण घर गरम करणारा बॉयलर गॅसचा असला तरी त्याचा पंप विजेवर चालतो, हे त्या रात्री कळलं. धाकटीला शालीत गुंडाळून आम्ही मासींकडेच झोपलो. फ्रीजरमध्ये संक्रांतीच्या गुळाच्या पोळ्या, खवलेला नारळ, मटार असं सगळं ठासून भरलेलं. मला रात्रभर त्याचाच घोर. पण दार उघडलं नाही तर भरलेला फ्रीजर दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. नुसता फ्रीज मात्र चारेक तासच. मी दारावर चिकटपट्टीच लावून टाकली, कारण आमच्याकडे येता-जाता फ्रीज उघडून बघायची सवय मोठ्यांनाच जास्त आहे.

मासी १९७२ साली युगांडातून इथे आल्या, ईदी अमीनने तिथल्या भारतीयांना हाकललं तेव्हा. त्या वेळी त्यांच्या भाड्याच्या खोलीत नाणी टाकायचा मीटर होता. पन्नास पेन्सचं नाणं संपलं की अंधार. चोर आत शिरले की आधी तो मीटर फोडून पैसे काढायचे म्हणे. "तेव्हा मीटरमधले पैसे न्यायचे, आता मीटरच नेतात," असं म्हणून मासी इतक्या हसल्या, की मलाही हसू आलं.

खरा प्रश्न रात्री जेवणानंतर निघाला. पोलिसांत कळवायचं की नाही? हे म्हणाले, "नको. एप्रिलमध्ये आपला कायम राहण्याचा अर्ज जायचाय. पोलिसांच्या कागदावर नाव कशाला?" माझ्याही पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू? पण मी म्हटलं, "अहो, चोरी आपल्याकडे झालीय, आपण केलेली नाही. उद्या त्यांनी आपल्यालाच विचारलं, की मीटर कुठे गेला, तर काय दाखवायचं?" इथे १९६८ च्या चोरीच्या कायद्यात वीजचोरीचं वेगळं कलम आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत. आपल्याकडेही २००३ च्या वीज कायद्याचं १३५ वं कलम आहेच. चोर समोर असेल तर ९९९; मागाहून कळलं तर १०१. आम्ही १०१ फिरवला. पोलीस कोणी आलं नाही, पण गुन्ह्याचा नंबर मिळाला. तो मी वहीत लाल शाईने लिहून ठेवला.

नवा स्मार्ट मीटर बसला आणि मी विसरूनही गेले. मार्चमध्ये पत्र आलं, भाषा अशी गोड, की दोनदा वाचल्यावर अर्थ कळला: तुमच्या मीटरमध्ये छेडछाड झाल्याचं आढळलं असून ६५१ पौंड येणं आहे. जुन्या मीटरचा शेवटचा आकडा त्यांनी ४३,६१० धरला होता. तो कुठून आणला, देव जाणे. घरात शांतता पसरली. हे काही बोलले नाहीत, पण अर्जाची फाइल कपाटातून काढून पुन्हा आत ठेवताना मी पाहिलं.

माझी आई सांगलीला दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहायची. ती सवय माझ्या अंगात मुरलेली. मी दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा आकडा वहीत लिहिते. थंडीत बाहेर उभं राहून लिहायचा कंटाळा, म्हणून आधी फोनवर फोटो काढायचा आणि आत येऊन उतरवायचा. १ जानेवारीचा फोटो सापडला: आकडा ४१,२८६, आणि खाली मीटरचा नंबरही स्पष्ट. म्हणजे कंपनीच्या हिशेबाने आम्ही वीस दिवसांत २,३२४ युनिट वीज जाळली! आमच्या घराला महिन्याला अडीचशे लागतात. घरात काय पिठाची गिरणी आहे?

चूक माझीही होती. आकडे लिहीत होते, पण ऑक्टोबरनंतर कंपनीला कळवलेच नव्हते, त्यामुळे त्यांची बिलं अंदाजानेच येत होती. वहीत लिहिलेलं वहीतच राहिलं, तर कंपनीला कसं कळणार? दर महिन्याला कळवावं. पाच मिनिटांचं काम. आणि मीटरचा नंबर वेगळा, घराच्या वीजजोडणीचा बिलावर छापलेला नंबर वेगळा. मीटर बदलला तर पहिला बदलतो, दुसरा घराबरोबर राहतो. फोनवर दोन्हींचा घोळ झाला की तासभर गेलाच समजा. नवा मीटर बसवतानाही तो माणूस जायच्या आत दोन्ही मीटरांची नोंद काय केली, ते बघून घ्यावं. मी तेव्हा भजी तळत होते.

फोन करून उपयोग नव्हता. दर वेळी नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून रामायण. म्हणून मी शाळेतून आल्यावर एक पानी पत्र लिहिलं आणि वर 'तक्रार' असा शब्द ठळक घातला. तो शब्द असला की तारीख मोजली जाते. तेव्हाच्या नियमाप्रमाणे आठ आठवड्यांत निकाल लागला नाही, तर ऊर्जेच्या लोकपालाकडे फुकटात जाता येत होतं. सोबत मीटरचा फोटो, वहीची चार पानं, उघड्या पेटीचा फोटो आणि गुन्ह्याचा तो लाल नंबर. ह्यांनी ते पत्र वाचलं आणि एवढंच म्हणाले, "बरं झालं फोन केलास."

सातव्या आठवड्यात उत्तर आलं. छेडछाडीचा मुद्दा मागे घेतला होता आणि जानेवारीच्या त्या वीस दिवसांचे ४८ पौंड लावले होते. आमचा अर्ज मात्र तोवर थांबला नव्हता. तो एप्रिलमध्येच, धडधडत्या छातीने, पाठवला होता.

पेटीवर आता वेगळं कुलूप लावावं, असं मला वाटत होतं, पण तारांच्या कंपनीच्या माणसाला अडचणीच्या वेळी ती उघडता आली पाहिजे, म्हणून तो विचार सोडला. स्मार्ट मीटर आपला आकडा आपणच पाठवतो, तरीही एक तारखेला थोरला बाहेर जाऊन आकडे वाचतो आणि मी वहीत लिहिते. गेल्या महिन्यात त्याने एक शून्य गाळलं. "पुन्हा बघून ये," म्हटलं, तर म्हणतो कसा, "आई, बाहेर किती थंडी आहे!" तो गेलाच नाही. शेवटी चप्पल घालून मीच गेले.