थिजलेल्या तेलाची गोष्ट

मैत्रिणींनो, जानेवारीतली गोष्ट. सकाळीच शेजारच्या काकू खोबरेलाची बाटली घेऊन तणतणत आल्या. "बघ गं, नुसता दगड झालाय! घाणेवाल्याने डालडा मिसळला. आत्ता जाऊन चारचौघांत विचारते त्याला!"

आमच्या अलिबागेत थंडी चार दिवसांची, म्हणून हे दरवर्षी नवे वाटते. मी आपली बी. ए. झालेली, पण शाळेतल्या शास्त्राच्या बाईंकडून समजून घेतले होते, ते काकूंना सांगितले. तुम्हीही ऐका.

कोणतेही तेल-तूप घ्या, घडण तीच. ग्लिसरॉलच्या एका मुठीला मेदाम्लांचे तीन हीर जोडलेले. हीर म्हणजे कार्बनची साखळी. हीर सरळ असले की खराट्यासारखी गच्च जुडी बसते, तेल थिजते. साखळीत दुहेरी बंध असला की तिथे बाक येतो, जुडी सैल राहते, तेल पातळ राहते. शेंगदाणा तेलात हे बाकदार हीर जास्त.

खोबरेलात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल: 12 कार्बनचे, सरळ पण आखूड. म्हणून पारा साधारण 24 अंशांच्या खाली गेला की ते थिजू लागते. कोकमाच्या बियांच्या तेलात 18 कार्बनचे लांब, सरळ स्टिअरिक आम्ल भरपूर. तो गोळा मे महिन्यातही घट्ट! टाचांच्या भेगांना लावताना ऊन करावा लागतो. उलट तारलीच्या तेलात पाच-सहा बाकांचे हीर असतात. बाकांपाशी हवेतला प्राणवायू चटकन लागतो, म्हणून तारली लवकर खवटते.

वनस्पती तुपासाठी पातळ तेलात हायड्रोजन घालून हीर सरळ करतात. त्यात अर्धवट राहिलेली ट्रान्स मेदाम्ले हृदयाला वाईट. म्हणून जानेवारी 2022 पासून आपल्याकडे त्यांना 2 टक्क्यांची मर्यादा आहे.

तेव्हा लक्षात ठेवा:
* थिजलेली बाटली कोमट पाण्यात उभी करा. चमचा कोरडाच घाला.
* तेल उजेडात, चुलीजवळ ठेवू नका.
* मासे तळलेले तेल पुन्हापुन्हा तापवू नका.

थिजले म्हणजे शुद्धच, असेही नाही हं! पण तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नये. बाटली कोमट पाण्यात ठेवली, तेल स्वच्छ झाले. काकू गप्प झाल्या. हळूच म्हणाल्या, "बरं झालं बाई, आधी तुझ्याकडे आले."