नवा गाभा आणि जुना दुभाषी

ज्या घरचा संगणक लिनक्सवर चालतो, त्या घरीं केव्हां ना केव्हां असा प्रसंग येतोच: रात्रीं नवा कर्नेल बसविला जातो आणि सकाळीं पाहावें तों वायफाय नाहींसें झालेलें. परदेशच्या मुलाशीं रविवारीं बोलण्याची ज्यांना संवय, त्या वृद्ध मंडळींचा केवढा हिरमोड होतो हें आम्हीं पाहिलें आहे. लागलीच कोणी तरी सुचवितो, कीं हें यंत्रच मोडीत काढावें. आमचें मत तसें नाहीं.

कर्नेल म्हणजे संगणकाच्या कारभाराचा गाभा. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या उपकरणाशीं त्या गाभ्याचें बोलणें करून देणारा दुभाषी. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें १९९१ सालीं या गाभ्याची वार्ता जगास दिली. हल्लीं सुमारें नऊ-दहा आठवड्यांनीं त्याची नवी आवृत्ति निघते. वरच्या मजल्यावरील नेहमींच्या प्रोग्रामांस दिलेला शब्द ही मंडळी कसोशीनें पाळतात. आंतील बोली कायम ठेवण्याचें बंधन मात्र ते मानीत नाहींत, आणि तसें त्यांनीं आपल्या दप्तरांत स्पष्ट लिहूनहि ठेविलें आहे. जो ड्रायव्हर गाभ्याच्या मूळ संहितेंतच नांदतो, त्याची दुरुस्ती बोली बदलणाराच करतो. एकत्र कुटुंबांतील भावाचें सर्वजण पाहतात. वेगळें बिऱ्हाड केलेल्यानें आपलें आपण पाहावें, तसाच हा न्याय. बाहेरून आणून बसविलेला ड्रायव्हर दर नव्या कर्नेलबरोबर पुन्हा कंपाइल करावा लागतो. डीकेएमएस नांवाची योजना तें काम आपोआप करते, पण बोली बदलली असली तर तीहि अडते.

बोली बदलते म्हणजे काय? व्याकरण शिकलेल्यांस हें चटकन् उमगेल. ‘क्लास_क्रिएट’ हें फंक्शन पूर्वीं द्विकर्मक होतें. त्यास मॉड्यूलची ओळख आणि नांव अशा दोन गोष्टी द्याव्या लागत. २०२३ सालच्या ६.४ आवृत्तीपासून तें एककर्मक झालें, नुसतें नांव पुरे. जुना ड्रायव्हर जुन्याच प्रयोगानें बोलतो, आणि कंपाइलर, जो आमच्या पाहण्यांतील अत्यंत कडक परीक्षक आहे, ‘टू मेनी आर्ग्युमेंट्स’ म्हणून तांबडी रेघ ओढतो. येथें संहितेंत दोन पाठ ठेवावे: ‘लिनक्स_व्हर्जन_कोड’ पाहून ६.४ व पुढील आवृत्तींस नवा, त्यापूर्वींच्यांस जुना.

परंतु कंपाइल करण्यापूर्वीं ‘यूनेम -आर’ देऊन चालू कर्नेलचा क्रमांक पाहावा, आणि त्याच क्रमांकाचे हेडर्स बसविले आहेत कीं नाहींत याची खात्री करावी. ते नसले तर ड्रायव्हर निर्दोष असूनहि काम अडतें. मग डीकेएमएसची ‘मेक.लॉग’ ही फाइल उघडावी आणि पहिली चूक शोधावी. पुष्कळजण शेवटची ओळ वाचून घाबरतात. वास्तविक पहिल्या चुकीच्या पोटींच पुढच्या बहुतेक जन्मलेल्या असतात.

एका गोष्टीविषयीं मात्र आम्हांस निक्षून सांगावयाचें आहे. २०२० सालच्या ५.६ आवृत्तींत ‘प्रॉक_क्रिएट’ला पूर्वींच्या ‘फाइल_ऑपरेशन्स’ऐवजीं ‘प्रॉक_ऑप्स’ ही वेगळी रचना द्यावी लागूं लागली. कांहीं उतावळे गृहस्थ येथें कास्ट लावून कंपाइलरचें तोंड बंद करतात. दोन्ही रचनांतील घरांचा क्रम निराळा आहे. म्हणून ड्रायव्हर बनतो खरा, पण चालू होतांच गाभा भलत्याच घरांत शिरतो आणि सारें यंत्र कोसळूं शकतें. त्यापेक्षां घरें एकेक करून नव्या रचनेंत लिहावीं. काम अर्ध्या तासाचें आहे.

ज्यांस एवढा खटाटोप नको, त्यांनीं ड्रायव्हरच्या कर्त्याकडे नवी आवृत्ति आहे का तें आधीं पाहावें. कधीं कधीं तर वेगळा निघालेला भाऊ घरीं परत आलेला असतो: रिअलटेकच्या कांहीं यूएसबी वायफाय चिपांचा ड्रायव्हर २०२३ सालच्या ६.२ आवृत्तींत गाभ्यांतच आला. आणि रविवार अगदीं उद्यांवर असेल, तर संगणक सुरू होतांना ग्रबच्या यादींत मागील कर्नेल बहुधा शिल्लक असतो. तो निवडून मुलाशीं खुशाल बोलून घ्यावें. दुरुस्ती सोमवारीं करतां येईल.